अख्खं जायफळ, कागदी पिशवी आणि एक फॉरवर्ड

गेल्या पंधरवड्यापासून कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'घाबरटपणा, धडधड, अँक्झायटी २१ दिवसांत मुळासकट बंद. डॉक्टर नाही, खर्च नाही.' खाली उपाय: गोळ्या आजच बंद करा, यांची सवय लागते. रोज रात्री अख्खं जायफळ दुधात उगाळून घ्या. झटका आला की कागदी पिशवीत श्वास घ्या. ज्याची भीती वाटते तिकडं २१ दिवस फिरकू नका. चहा आणि तांबडा रस्सा सोडा. मन रिकामं ठेवू नका. आणि अर्थातच, दहा जणांना पाठवा.

असल्या मेसेजला एरवी कोण उत्तर देत बसतं? पण आमच्या भिशीतल्या एका मावशींनी तो वाचून क्लोनाझेपाम या चिंतेवरच्या गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकली, म्हणून हा खटाटोप.

आधी गोळ्या. 'यांची सवय लागते' हे वाक्य निम्मं खरं आहे, नाइलाजाने मान्य. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गोळ्यांची सवय लागते. ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेची चिंताविकारांवरची २०११ ची मार्गदर्शिका स्वच्छ सांगते, की सततच्या चिंतेसाठी या गोळ्या अगदी अडीअडचणीला, थोडे दिवसच द्याव्यात आणि पॅनिकच्या, म्हणजे अचानक भीतीचे झटके येण्याच्या, आजारात देऊच नयेत. आपल्याकडं मात्र डॉक्टरांची तीच जुनी चिठ्ठी दाखवून लोक वर्षानुवर्षं पट्ट्या आणतात. पण सवय लागते म्हणूनच तर एकदम थांबायचं नसतं! रोजची गोळी अचानक तोडली की झोप उडते, हात थरथरतात, मूळची भीती दुपटीने उसळते, आणि फेफरंही येऊ शकतं. डोस पायरीपायरीने उतरवतात, लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या हिशोबाने, आणि शेवटच्या पायऱ्या सगळ्यात सावकाश.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या चिंता आणि नैराश्यावरच्या गोळ्यांचं वेगळं. त्यांची तलफ लागत नाही. पण त्याही झटक्यात सोडल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. माणूस समजतो आजार उलटला, आणि घरचे समजतात व्यसन लागलं होतं. दोन्ही चूक.

आता जायफळ. मेसेज लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी पुरण केलेलं नाही, एवढं नक्की. घरभर माणसांच्या पुरणाला पाव जायफळ किसलं तरी वास दारापर्यंत येतो. मध्यम आकाराचं जायफळ पाच ग्रॅमच्या आसपास किंवा जास्तच भरतं, आणि साधारण तेवढ्यापासूनच ते अंगावर येतं. तेही लगेच नाही, तीन ते सहा तासांनी. रात्री दहाला दूध प्यायलेला माणूस पहाटे उठतो तो कोरड्या घशाने, धडधडत्या छातीने, डोकं गरगरत आणि 'आता मी मरणार' या भावनेने. कुणाकुणाला भासही होतात. हे दिवसभर टिकू शकतं. म्हणजे ज्या धडधडीवर उपाय म्हणून घेतलं, तीच धडधड विकत आणली. वर माणूस म्हणणार, माझी अँक्झायटी वाढली, आज आणखी एक घेतो. श्रीखंडातल्या चिमटीभर जायफळाला कुणाचीच हरकत नाही.

कागदी पिशवीमागे थोडं शास्त्र आहे. भीतीत माणूस भराभर श्वास घेतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं, गरगरणं हे सगळं त्यातूनच. पिशवीत सोडलेला श्वास परत घेतला की तो वायू परत येतो खरा, पण त्याबरोबर ऑक्सिजनही कमी होतो. समोरच्याला पॅनिक नसून दमा किंवा हार्ट अटॅक असेल तर? ते घरबसल्या ओळखता येत नाही. छातीत पहिल्यांदाच दुखतंय, घाम फुटलाय, कळ हातात किंवा जबड्यात जातेय, तर पिशवी नको, १०८ लावा आणि ईसीजी काढा.

पिशवीऐवजी हे करा. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, पाच मिनिटं. एक हात पोटावर ठेवा; पोट हललं पाहिजे, खांदे नकोत. इथं चूक होते ती 'खोल श्वास घे, खोल श्वास घे' म्हणण्याने. मोठमोठे श्वास घेतले की मुंग्या वाढतात. श्वास हळू हवा, मोठा नको. आणि सराव बरं वाटत असताना, दिवसातून दोनदा. पंचगंगेला पूर आल्यावर पोहायला शिकत नाहीत.

पण या सगळ्यात घातक सल्ला जायफळाचा नाहीच. 'भीती वाटते तिकडं फिरकू नका', हा. तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो, आणि २१ दिवस बरंही वाटतं, कारण टाळलं की भीती लगेच उतरते. मेंदू त्यातून एवढंच शिकतो, की टाळलं म्हणून वाचलो. मग आधी बसने जाणं सुटतं, मग महाद्वार रोडचा बाजार, मग दुकान, आणि शेवटी उंबरा ओलांडणं.

औषधाशिवाय, पैशाशिवाय करण्यासारखं खरं काम नेमकं याच्या उलट आहे. कागदावर शिडी काढा. समजा केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, गर्दीची भीती आहे. शून्य ते शंभर भीतीचे मार्क द्या: थांब्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहणं, ३०. दुपारी रिकाम्या बसने एक थांबा, ४५. तेच चार थांबे, ५५. संध्याकाळी गर्दीत उभ्याने, ७५. शुक्रवारी बसने जाऊन महाद्वार रोडच्या गर्दीत अर्धा तास, ९०. सुरुवात ३० ते ४० च्या पायरीवर. तिथं भीती निम्मी उतरेपर्यंत थांबायचं. वीस मिनिटं लागोत की पाऊण तास. आठवड्यात चार-पाच वेळा तीच पायरी, कंटाळा येईपर्यंत, मग वरची.

बिघडतं कुठं? एक, भीती शिगेला असताना उतरून पळण्यात. मेंदूला परत तोच चुकीचा धडा मिळतो. दोन, कुबड्यांत: पाण्याची बाटली, खिशातली 'लागली तर' गोळी, सोबत भाऊ, कानात गाणी. सुरुवातीला चालतील, पण एकेक काढावी लागतात. वरचा मोजून घ्यायचा श्वाससुद्धा बसमध्ये कुबडी होऊ शकतो. तीन, घाईत: पहिल्याच दिवशी नव्वदची पायरी.

दिवसभर डोक्यात 'असं झालं तर' फिरत असेल तर रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी वीस मिनिटं चिंतेला द्या, वही घेऊन, अंथरुणात नाही. इतर वेळी आली की दोन शब्दांत टिपायची आणि संध्याकाळवर ढकलायची. मेसेजमधलं 'मन रिकामं ठेवू नका' यापुढं फारच स्वस्त आहे.

चहा कमी करा, हे बरोबर. पण एकदम तोडला तर डोकं धरतं. दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी. तांबड्या रश्शाने चिंता होत नाही. जळजळीला हार्ट अटॅक समजून घाबरणारे मात्र आहेत, त्यांनी रात्रीचा रस्सा आवरावा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासा. वाढलेला थायरॉइड हुबेहूब अँक्झायटीसारखा दिसतो.

औषधाशिवाय जमतं का? बऱ्याच जणांना जमतं. 'नाइस'ची तीच मार्गदर्शिका आधी आजार समजावून सांगा म्हणते, मग किमान सहा आठवडे अशा पद्धतीचा स्व-अभ्यास, आणि तेवढ्याने भागलं नाही तर तज्ज्ञाकडून बोलून करायचे मानसोपचार किंवा औषध, रुग्णाच्या पसंतीने. एकवीस दिवसांचा त्यात उल्लेख नाही. आणि खाणं-झोप-काम बंद पडलं असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर शिडीबिडी नंतर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलतात. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं समजावून घ्यायला बंगला गहाण टाकावा लागत नाही.

पट्टी ज्यांनी आधीच टाकलीय, त्यांनी मनानेच पुन्हा सुरू करू नये आणि 'बघू दोन दिवस' असंही म्हणू नये. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती महिने घेतली आणि शेवटची कधी, एवढं चिठ्ठीवर लिहून आजच डॉक्टरांना फोन करा. फेफरं आलं किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर १०८.