याचं दोन अंकी करू नका

चांगली एकांकिका संपली की विंगेत जाऊन लेखकाला भेटणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "मस्त झालंय रे. आता याचं दोन अंकी कर." बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. लेखकही सुखावतो, कारण व्यावसायिक नाटक म्हणजे मानधन, दौरे, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाव. मला मात्र हे वाक्य ऐकलं की वाईट वाटतं. गझल लिहिणाऱ्याकडे आपण खंडकाव्य मागत नाही. एकांकिका लिहिणारा मात्र आपल्या लेखी कायम उमेदवारीवर असतो. खरं नाटक तो पुढे कधीतरी लिहिणार आहे, असं आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं.

चाळीस मिनिटांत संपणारं नाटक पूर्ण नाटक असू शकतं. त्याला वाढवणं म्हणजे बहुतेक वेळा त्यातला जीव काढून घेणं. हे मी का म्हणतोय ते एका उदाहरणावरून सांगतो, आणि उदाहरण मुद्दाम लांबचं घेतो.

कॅरिल चर्चिल ही ब्रिटिश नाटककार, जन्म 1938 चा. तिचं 'फार अवे' 2000 साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आलं. प्रयोग तासाभराच्या आत संपतो, म्हणजे आपल्या एकांकिका स्पर्धेच्या वेळेत बसेल एवढाच. सुरुवातीला रात्री झोप न लागलेली जोन नावाची छोटी मुलगी काकूशी बोलतेय. तिने आवाज ऐकलाय. काकू म्हणते, घुबड असेल. मग हळूहळू कळतं की पोरीने फक्त आवाज ऐकलेला नाही, काकाला माणसांना मारताना पाहिलंय. काकूचं प्रत्येक खोटं जोनच्या पुढच्या साध्या प्रश्नाने उघडं पडतं आणि काकू नवं खोटं रचते. शेवटी ती मुलीला पटवून देते की काका फार चांगलं काम करतोय आणि तूही आता त्यात सामील आहेस.

पुढच्या भागात जोन मोठी झालेली आहे. ती टोप्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला लागलीय. टोप्या सुंदर आहेत, चित्रविचित्र आहेत. त्या कुणासाठी, हे बोललं जात नाही. मग रंगमंचावरून एक मिरवणूक जाते: साखळदंडातले कैदी, डोक्यावर त्या टोप्या, आणि वाट वधस्तंभाकडची. त्यानंतर जोनला हळहळ वाटते ती इतक्या सुंदर टोप्या प्रेतांबरोबर जाळल्या जातात याची.

प्रश्न विचारणारी मुलगी प्रश्न न विचारणारी बाई कशी झाली? मधली सगळी वर्षं लेखिकेने गाळली आहेत. शाळा, मैत्रिणी, पहिली नोकरी, कुठेतरी मनाला टोचलेलं आणि नंतर टोचेनासं झालेलं, यातलं काहीही आपल्याला दिसत नाही. ती वर्षं आपण भरतो, स्वतःच्या आयुष्यातून. म्हणून नाटक संपल्यावर जोनचा राग येत नाही, स्वतःची भीती वाटते. आता याचं कुणी दोन अंकी केलं आणि मधल्या वर्षांचे चार प्रवेश घातले, तर ती एका मुलीची गोष्ट होईल. आज ती आपल्या सगळ्यांची आहे.

एकांकिका बघताना मी सगळ्यात आधी हेच शोधतो: लेखकाने काय गाळलं? गोष्ट किती उशिरा सुरू केली? कोणतं पात्र आणलंच नाही?

चर्चिलबद्दल आणखी एक सांगायला हवं. जगभर नाव झाल्यावरही तिने छोटी नाटकं लिहिणं सोडलं नाही. 2009 मध्ये गाझावर बॉम्ब पडत असताना तिने 'सेव्हन ज्युइश चिल्ड्रन' लिहिलं, जेमतेम दहा मिनिटांचं. त्यातली मोठी माणसं एका न दिसणाऱ्या मुलीला काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही यावर बोलत राहतात, बस. कुणीही ते मानधन न देता करावं, फक्त प्रयोगाच्या वेळी पॅलेस्टाइनमधल्या वैद्यकीय मदतीसाठी निधी गोळा करावा, एवढीच अट तिने घातली. त्यावर कडाडून टीका झाली, वाद झाले. दहा मिनिटांच्या नाटकावर! पुढे 2019 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, तिची चार छोटी नाटकं रॉयल कोर्टने एकाच संध्याकाळी सादर केली. लोकांनी तिकीट काढून ती पाहिली. हे वाचलं तेव्हा मला हेवा वाटला.

कारण आपल्याकडे हे लिहिण्याची ताकद नाही असं अजिबात नाही. महेश एलकुंचवारांची 'सुलतान' ही एकांकिका 1967 साली 'सत्यकथा'मध्ये छापून आली. ती वाचून विजयाबाई मेहतांचं लक्ष या नव्या लेखकाकडे गेलं आणि त्यांनी 'रंगायन' या नाट्यसंस्थेसाठी 'होळी' आणि 'सुलतान' बसवल्या. नागपूरच्या लेखकाची संहिता एका मासिकातून मुंबईच्या दिग्दर्शिकेपर्यंत पोचली, हा प्रवास लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे. 'होळी' आजही वाचून बघा. सणाची सुट्टी नाकारलेली, वसतिगृहातली मुलं, दिवसभर साचत गेलेली खदखद, आणि ती शेवटी फुटते ती आपल्यातल्याच एका दुबळ्या मुलावर. त्याची इतकी विटंबना होते की तो जीव देतो. रॅगिंगची बातमी आली की मला 'होळी' आठवते. सतीश आळेकरांनी 'महानिर्वाण' या गाजलेल्या नाटकाच्या आधी 'मेमरी'सारख्या एकांकिका लिहिल्या. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' गावागावांत झाली, दुसऱ्या भाषांत गेली. पाण्यासारखी गोष्ट माणसाला जातीमुळे नाकारली जाते, हे सांगायला त्यांना तीन अंक लागले नाहीत.

कुणी म्हणेल, 'देवबाभळी'चं काय? रास्त प्रश्न आहे. प्राजक्त देशमुखची ती आधी एकांकिकाच होती आणि 2017 मध्ये 'संगीत देवबाभळी' म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर आली. पण तिथे वाढण्यासारखं काहीतरी मुळातच होतं. तुकोबांची आवली आणि लखुबाई बनून तिच्या घरी आलेली रखुमाई, या दोघींमध्ये काटा रुतलेला पाय आहे, विठ्ठलावरचा राग आहे, आणि त्या रागाला ओवी-अभंगाची वाट मिळते. संगीताला जागा हवी होती, ती मोठ्या प्रयोगाने दिली. 2020 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही या नाटकाला मिळाला. मी ते आनंदाने पाहिलं. अडचण एवढीच की त्यानंतर प्रत्येक यशस्वी एकांकिकेकडे "पुढची देवबाभळी" म्हणून बघायची सवय लागली. सगळ्या गोष्टींना ओव्या फुटत नाहीत.

आता स्पर्धांविषयी. मी स्पर्धांवर प्रेम करणारा माणूस आहे. 1963 पासूनची, पुण्यातल्या कॉलेजांची पुरुषोत्तम करंडक, ऑगस्टमधलं भरत नाट्य मंदिर, "अरे आव्वाज कुणाचा"ने दणाणणारं सभागृह. 25 जानेवारीची सवाई एकांकिका स्पर्धा, जिथे वर्षभरात इतर स्पर्धांमध्ये पहिल्या आलेल्या एकांकिका रात्रभर चालतात आणि सकाळी झेंडावंदनाच्या वेळेला प्रेक्षक डोळे चोळत घरी निघतात. 'लोकसत्ता'च्या लोकांकिका स्पर्धेमुळे रत्नागिरीची, नगरची, नागपूरची मुलं आपापल्या बोलीसकट मोठ्या मंचावर येतात. या स्पर्धा नसत्या तर मराठीत एकांकिका उरलीच नसती.

पण आज स्पर्धा हा एकांकिकेचा जवळजवळ एकमेव पत्ता आहे, आणि त्याचे परिणाम लिखाणात दिसतात. परीक्षकांनी दिवसभरात सहा-सात प्रयोग पाहिलेले असतात, आपला लक्षात राहिला पाहिजे, म्हणून शेवटची दहा मिनिटं चढ्या आवाजात जातात. शेवटी धक्का हवा, म्हणून आधीचं सगळं त्या धक्क्याची तयारी बनतं. पंचवीस पोरं तालमीला येतात, सगळ्यांना काम द्यायचं, म्हणून दोन माणसांच्या गोष्टीत जमाव शिरतो. विषय "यंदा चालणारा" असावा लागतो. यात मुलांचा दोष मी अजिबात धरत नाही. ती रात्र रात्र जागून, खिशातले पैसे घालून नेपथ्य उभं करतात. ज्या घरात जागा मिळाली, त्या घराच्या आकाराचं ती लिहितात.

2022 मध्ये परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा केवढी चर्चा झाली! इथेच फेसबुकवर लोक हिरीरीने भांडले. दर्जा घसरला, नाही घसरला, मुलांवर अन्याय झाला. त्या गदारोळात मला एकच विचारावंसं वाटत होतं: यातल्या किती जणांनी त्या संहिता वाचल्यात? वाचणार कुठून? प्रयोग झाला, निकाल लागला, संहिता कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या जुन्या ग्रुपवर पीडीएफ होऊन पडली. बॅच पास होऊन गेली की एकांकिकाही गेली. मासिकातून 'सुलतान' विजयाबाईंपर्यंत पोचली, तशी आजची एकांकिका कुठून कुणापर्यंत पोचेल?

आम्ही काही मित्रमंडळी अधूनमधून एका घरी जमतो आणि एकांकिका वाचतो. कुणीही नट नाही. पात्रं वाटून घ्यायची, चहा ठेवायचा, मोठ्याने वाचायचं. तासाभरात नाटक पूर्ण होतं आणि मग दोन तास वाद घालता येतो. ज्यांनी कधी संहिता हातात धरली नव्हती, ती माणसं आता "इथे हा गप्प का बसला असेल?" असं विचारतात. प्रयोगात प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत आणि टाळ्या यांत जे निसटतं, ते वाचताना सापडतं. मोठं नाटक असं एका बैठकीत वाचून होत नाही, एकांकिका होते. भिशी करतो तसं हे कुठल्याही सोसायटीत जमेल.

दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे. कथा, कविता, ललित, व्यंगचित्रं, राशिभविष्य, सगळं असू द्या. त्यात तिशीच्या आतल्या एका लेखकाची एक एकांकिका छापा. आणि निर्मात्यांना: तीन वेगवेगळ्या लेखकांच्या तीन एकांकिका एका तिकिटात, मध्ये दोन मध्यंतरं, एवढं एकदा रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला करून बघा. मी तिकीट काढून येईन, सोबत चार माणसं घेऊन येईन.

आता तुमच्याकडून एक हवंय. गेल्या काही वर्षांत पाहिलेली, डोक्यातून न गेलेली एक एकांकिका खाली लिहा. कॉलेज आणि दिग्दर्शक आपल्याला आठवतातच, लेखकाचं नाव आवर्जून शोधून लिहा. आणि तुम्ही स्वतःच ते लेखक असाल, संहिता जवळ असेल आणि वाचायला द्यायची तयारी असेल, तर मला मेसेज करा. पुढच्या बैठकीत तुमची वाचू.