दुःख आपले, हिशेब सर्वांचा

नमस्कार. सर्व जिवांचे मोल सारखे धरले जात नाही आणि ही विषमता आहे, या माझ्या म्हणण्यावरचा आपला आक्षेप मला समजला तो असा: जवळच्या माणसाच्या मृत्यूने आपण कोसळतो आणि परक्याच्या मृत्यूची बातमी वाचून पान उलटतो, हा मनुष्यस्वभाव आहे, त्याला विषमता म्हणणे हे ढोंग आहे; आणि भरपाईच्या रकमांत फरक पडतो तो बुडालेल्या कमाईमुळे, जिवाच्या किमतीमुळे नव्हे.

पहिला भाग मला मान्यच आहे. सर्वांसाठी सारखेच रडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि भेटलाच तर त्याच्यापासून चार हात लांब राहीन. माझा रोख व्यक्तीच्या दुःखावर नव्हताच; नात्यागोत्याची सबब ज्यांना सांगता येत नाही, अशा शासनसंस्थांच्या हिशेबावर होता.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने उभारलेला भरपाई निधी पाहा. कमाईचे नुकसान विचारात घ्यावे असे कायद्यातच असल्याने निधीचे प्रमुख केनेथ फाइनबर्ग यांना प्रत्येक मृताचे वय आणि पगार मांडून, विम्याचे पैसे वजा करून रक्कम ठरवावी लागली, आणि ती कुठे २,५०,००० डॉलर, तर कुठे ७० लाख डॉलरच्याही वर गेली. परंतु त्याच सूत्रात वेदना आणि वियोगापोटी प्रत्येक मृतामागे २,५०,००० डॉलर धरले होते, मग तो बडा अधिकारी असो की भांडी घासणारा. कमाईखेरीज जिवाचा म्हणून एक निराळा हिशेब असतो, हे त्या सूत्रानेच कबूल केले होते. सर्वांना सारखीच रक्कम द्यायला हवी, असे मत फाइनबर्ग यांनी पुढे उघडपणे मांडले, आणि २००७ मधील व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील गोळीबारानंतरच्या निधीतून मृतांच्या कुटुंबांना त्यांनी समान रक्कमच दिली.

कमाईचा युक्तिवाद आणखी एका ठिकाणी अडतो. हवेच्या प्रदूषणावरील उपायांचा लाभ मोजताना अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एका पर्यायी गणितात सत्तरीपुढच्या माणसाचा जीव वाचवण्याचे मोल इतरांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी धरले होते. तिथे कोणाचा पगार बुडालेला नव्हता, कोणी अद्याप दगावलेलेही नव्हते. नियम किती कडक करणे परवडेल, एवढाच प्रश्न होता, आणि मोल कमी धरले की लाभ कमी दिसतो व नियम ढिला ठेवायला आधार मिळतो. ज्येष्ठ नागरिकांनी गदारोळ केल्यावर २००३ मध्ये ती पद्धत सोडून द्यावी लागली. आपले म्हणणे या उदाहरणाला कसे लागू पडते, ते आपण अवश्य लिहावे.