तुरीवरची बुरशी

आमच्या गावात ढोरांचा डॉक्टर ठरावीक वारीच येतो. उरलेल्या वारी त्याचं काम अख्खं गाव वाटून घेतं. त्यामुळे आमच्या मांजरीच्या कानामागचे केस झडून रुपयाएवढी गोल, कोंडा धरलेली चकती उघडी पडली, तेव्हा निदान व्हायला दुपारही लागली नाही. उंदीर चावला इथपासून नजर लागली इथपर्यंत सगळी निदानं एकाच ओसरीवर झाली.

मांजरीचं नाव तुरी. रंग थेट तुरीच्या दाण्याचा. मी कृषी केंद्रात गेलो आणि म्हणालो, "भाऊ, तुरीवर बुरशी आल्यासारखी वाटते."

"मर हाये का? झाडं वायून रायले का?" त्याने पावती फाडता फाडता विचारलं.

"केस झडून रायले."

आता त्याने मान वर केली. पण दुकानदार तो दुकानदारच. "बुरशी थे बुरशीच भाऊ. कार्बेन्डाझिम घेऊन जा, पंपानं मारा." २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने धडधाकट माणसं दगावली, आणि हा तीन किलोच्या जिवावर पंप चालवायला निघाला होता. मी रिकाम्या हाताने परत आलो.

घरी तोवर औषधालय उघडलं होतं. कोणी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल आणलं, कोणी रॉकेल, कोणी फिनाइल. शेजारच्या बुढीने तरोट्याचा पाला वाटून ठेवला होता. पुण्याच्या भाच्याने फोनवर टी ट्री ऑइल सुचवलं, "नॅचरल आहे मामा" या प्रमाणपत्रासह. या सगळ्यांना एक बारीक गोष्ट सुचत नव्हती: मांजर अंगावरचं सगळं चाटते. सकाळी पाठीला लावलेलं दुपारी तिच्या पोटात. त्यात फिनाइलसारख्या गोष्टींचा निचरा करणं मांजरीच्या यकृताला नीट जमत नाही, आणि ते नॅचरल तेलही तिला विषच. मेडिकलवाल्याने माणसांची मलम दाखवली, 'तीन कामं एकाच ट्यूबमध्ये'. त्यातलं एक काम स्टेरॉइडचं. लाली दोन दिवसांत दबते आणि बुरशी आतल्या आत निवांत पसरते.

शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न मांजरीबद्दल विचारलाच नाही. "घरात कोणाला गजकर्ण?" मायने हात पदराखाली घेतला. तुरी रोज तिच्याच बाजेवर झोपते.

"मायक्रोस्पोरम कॅनिस दिसते," डॉक्टर म्हणाले. मांजरीतलं गजकर्ण बहुतेक वेळा हीच बुरशी करते आणि माणसांनाही देते. मग वुडचा दिवा निघाला. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाचा हा अतिनील दिवा अंधारात धरला की रोगट केस बुडापासून हिरव्या सफरचंदासारखे चमकतात. अंधाराची सोय लोडशेडिंगने आपणहून केली. पण दिवा चार्ज नव्हता. मी नोटा तपासायचा टॉर्च पुढे केला. त्यात सगळ्यात जास्त माझं बनियन चमकलं.

वीज आल्यावर खरा दिवा लागला आणि तीन-चार केस हिरवे दिसले. कोंडा, मलम, धागे हेही चमकतात, ते धरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. शिवाय या बुरशीचे सगळेच प्रकार चमकत नाहीत, म्हणून नुसत्या अंधारावरून मांजर निर्दोष सोडता येत नाही. खात्रीसाठी कोऱ्या टूथब्रशने तिचं अंग विंचरून तो प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे बुरशी वाढायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. नवा ब्रश आणून मी मोरीवर ठेवला, तर सकाळी बाबा त्यावर पेस्ट लावत होते. दुसरा आणला.

औषध इट्राकोनाझोल, किलोला पाच मिलिग्रॅम, एक आठवडा द्यायचं आणि एक आठवडा थांबायचं. माणसांची कॅप्सूल नजरेने फोडून द्यायची नाही, ही सक्त ताकीद. म्हणजे आधी वजन. किराण्यातल्या काट्यावर पिशवीसकट तुरी चढली तेव्हा दुकानदाराने सवयीने विचारलं, "अजून काय देऊ?"

सिरिंजने औषध पाजणं एकवेळ जमलं. खरी परीक्षा आंघोळीची. मायकोनाझोल आणि क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, आणि फेस अंगावर दहा मिनिटं. ही दहा मिनिटं ज्याने लिहिली त्याने ओली मांजर धरलेली नसावी. पोळ्याला बैल निमूट उभा राहतो, बेगड लावून घेतो, शिंगं रंगवून घेतो. तुरीने दुसऱ्या मिनिटाला माझ्या हातावर तुरी दिली, थेट कवेलूवर गेली आणि फेसासकट सगळ्या आळीला दर्शन देत बसली. खाली बारकी पोट्टी टाळ्या वाजवत होती. पुढच्या वेळी मी दार लावलं, जाड टॉवेल घेतला आणि ती दहा मिनिटं मायच्या भजनावर मोजली.

घराचं प्रकरण वेगळंच. बुरशीचे बीजाणू कोरड्या जागी वर्षभराहूनही जास्त टिकतात, म्हणून गोधड्या, सतरंज्या, पोती, सगळं धुवून काढलं. फरशी आधी केस झाडून मग पातळ ब्लीचने पुसायची. ओसरी शेणाने सारवलेली, तिला ब्लीच कुठून लावणार? वरची माती खरवडून काढली आणि नव्याने सारवली. तुरीला धान्याच्या खोलीत ठेवलं, म्हणून उंदीर तेवढे नाराज.

केस परत आले तेव्हा गावाने तुरीला बरी घोषित केलं. डॉक्टरांनी नाही. ब्रश पुन्हा गेला, अहवाल कोरा आला, तेव्हा कुठे औषध थांबलं. मायचा हातही चर्मरोगतज्ज्ञाकडून निस्तरला.

परवा कृषी केंद्रवाला घरी आला. बाही वर केली, तर कोपरापासून दंडापर्यंत नकाशा. 'तीन कामं' वाली ट्यूब लावून झाली होती. मी चर्मरोगतज्ज्ञाचा पत्ता लिहून दिला. त्याला तो नको होता.

"भाऊ, तुरीचं औषध उरलं असन ना थोडं?"

मायने आतूनच सांगितलं, "थे तीन किलोचं औषध हाये बाप्पा, तुले काय पुरन?"