पाळत स्वस्त झाली, कायदा मात्र तिथेच राहिला

सरकारला आपल्यावर पाळत ठेवण्यापासून इतकी वर्षं कशाने रोखलं? राज्यघटनेने, न्यायालयांनी, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, त्याहून मोठा अडसर खर्चाचा आणि कष्टांचा होता. पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्त पोलीस यंत्रणेकडे १९८९ साली सुमारे ९१,००० पूर्णवेळ कर्मचारी होते, शिवाय खबऱ्यांची फौज वेगळी. तरीही प्रत्येकाच्या मागावर माणूस ठेवणं त्यांनाही जमलं नाही. आज फोन खिशात असला की टॉवरवर नोंद आपोआप पडते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये जोन्स खटल्याचा निकाल दिला. पोलिसांनी वैध वॉरंट नसताना एका गाडीला जीपीएस लावून २८ दिवस माग काढला होता. न्यायमूर्ती अलिटो यांनी त्यात लिहिलंय की संगणकाआधीच्या काळात खासगीपणाचं सर्वांत मोठं संरक्षण कायद्यात नव्हतं, व्यवहारातल्या अडचणींत होतं. त्या अडचणी आता उरल्या नाहीत. त्यांची जागा कायद्याने घ्यायला हवी होती आणि बहुतेक ठिकाणी ती घेतलेली नाही.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हे वाक्य ऐकलं की मला नेदरलँड्स आठवतं. तिथली लोकसंख्या नोंदणी फार काटेकोर होती, धर्माच्या नोंदीसह. नोंद करणाऱ्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं आणि माहिती देणाऱ्यांनाही भीती नव्हती. १९४० मध्ये नाझी आले आणि ही तयार यंत्रणा त्यांच्या हाती पडली. सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. मार्च १९४३ मध्ये प्रतिकार गटाने ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात स्फोट घडवले. नष्ट झाली ती थोडीच कार्डं, आणि त्यासाठी १२ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. आजचं सरकार भलं आहे म्हणून त्याच्या हाती वाट्टेल ती माहिती द्यावी, हे मला म्हणूनच पटत नाही. सरकार बदलतं, नोंद राहते.

तपासाला तंत्रज्ञान वापरूच नये असं मी म्हणत नाही. संशयिताचा माग जरूर काढा, पण आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या. सगळ्यांच्याच फोननोंदी सरसकट साठवायला लावणारा युरोपीय संघाचा निर्देश तिथल्या न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला, तो याच मुद्द्यावर. माहिती कधी पुसणार हेही ती गोळा करण्याआधीच ठरलं पाहिजे. आणि एस्टोनियासारखी सोय हवी: तिथे आपली माहिती कोणत्या खात्याने कधी पाहिली, हे नागरिकाला अनेक सरकारी नोंदींबाबत ऑनलाइन तपासता येतं आणि जाबही विचारता येतो. एवढं द्यायची तयारी नसेल, तर सरकारने नवा डेटाबेस सुरूच करू नये.