पन्नास पावलं

रविवारी संध्याकाळी पक्या स्टेशनजवळच्या कट्ट्यावर आला तो थेट युद्धावरून परतल्यासारखा. मिलिटरी रंगाचं जॅकेट, तसलीच टोपी आणि लेन्सलासुद्धा तसलंच कापड. तळेगावच्या रस्त्यावर त्यामुळे तो लांबूनच उठून दिसत होता.

अमूर ससाणे आलेत हे आम्हाला तोंडपाठ झालं होतं. नोव्हेंबर संपत आल्यापासून पक्याने दुसरा विषय निघू दिला नव्हता.

"लोणावळ्याला पठारावर चाळीस गाड्या होत्या!" पक्या म्हणाला. "पहाटे पोचलो म्हणून जागा मिळाली."

"पठारावर? म्हणजे रस्ता सोडून गवतात घातल्यास गाड्या?" मनीने विचारलं. मनी कॉलेजात आहे. जुनी दुर्बीण आणि बॉलपेनने लिहिलेली वही एवढंच तिचं भांडवल.

"अगं, ससाणा गाडीला घाबरत नाही. माणूस उतरला की उडतो. गाडी हेच आपलं लपण."

बापूंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "ही मनी सांगते, तो पक्षी सैबेरियाकडून येतो. दीडशे ग्रॅमचा जीव. इथून निघाला की अख्खा अरबी समुद्र न थांबता पार करून आफ्रिका गाठतो. आणि तुला शेवटची पन्नास पावलं चालवेनात?"

पक्याने लेन्स किती किलोची आहे ते सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही.

"आणि त्या गवतात काय असतं माहितीय?" मनी म्हणाली. "नाकतोडे, चतुर. पुढच्या प्रवासाची शिदोरी भरायला उतरतात ते इथे. तुम्ही त्यांच्या ताटावर पार्किंग करता."

"म्हणून मी म्हणतो, जागा सांगूच नये," डॉक्टरांनी घसा खाकरला. डॉक्टर बोलायला लागले की आधी घसा खाकरतात, मग पंचवीस वर्षांचा अनुभव काढतात. "आमच्या वेळी चार माणसं जायची. आता एकाने ग्रुपवर टाकलं की जत्रा!"

"नागालँडात पांग्तीला काय झालं, काका? २०१२ मध्ये जाळी लावून एका मोसमात लाखाच्या वर अमूर मारले असा अंदाज होता. जगभर बोंब झाली, गावानं ठरवलं, पुढच्याच वर्षी शिकार बंद. लपवून नाही वाचले ते."

"तिथे गाव होतं. इथे कोण आहे? वीकेंडवाले."

मनी गप्प झाली. डॉक्टरांचा हा मुद्दा बरोबर होता, आणि तेच मला खटकलं. कारण डॉक्टरांचं जागा लपवणं मी स्वतः भोगलंय. मागे एका थंडीत पुण्याजवळच्या कवडीपाटला काळा करकोचा आला होता. हे मला फोनवर म्हणाले, "गेला रे काल, आता यवतच्या बाजूला बघ." मी पहाटेची पहिली लोकल धरून, पुढे एसटीने यवतला. दिवसभरात शेळ्या दिसल्या. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी फोटो टाकला. कवडीपाटचा.

हे मी परत एकदा सगळ्यांना सांगितलं. "झालं सुरू," बापू म्हणाले.

मनी मात्र फुलली. "काका, चुकीची जागा सांगण्याची परंपरा मोठी आहे हां. तो मायनर्ट्‌झागेन. ब्रिटिश पक्षितज्ज्ञ. म्युझियममधला रानपिंगळ्याचा, म्हणजे एका छोट्या घुबडाचा, नमुना चोरला आणि १९१४ मध्ये गुजरातेत मिळाला म्हणून चिठ्ठी लावली. तो मुळात १८८०च्या सुमाराचा. लोक भलतीकडे शोधत राहिले. शेवटी १९९७ला ती चिठ्ठी बाजूला ठेवून शोधणारे आले, तेव्हा आपल्या शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा सापडला. १८८४नंतर तब्बल ११३ वर्षांनी!"

"मी काही चोरलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

"माझा रविवार चोरलात," मी म्हणालो.

विषय बदलावा म्हणून पक्याने मोबाईल पुढे केला. "ते सोडा, हा बघा. यंदाचं पिल्लू आहे. दोनशे लाईक!" फोटो खरंच देखणा होता. पिसान् पीस मोजून घ्यावं. मनीने बोटांनी मोठा केला, तिरका केला, परत मोठा केला.

"पक्यादादा, अमूरचे पाय कुठल्या रंगाचे असतात?"

"लाल. म्हणजे, नारिंगी-लाल."

"आणि याचे?"

पक्याने बघितलं. बापूंनी चष्मा वर करून बघितलं. पिवळे. हळदीसारखे पिवळेधमक.

"अमूर नाही, साधी खरूची आहे ही," मनी म्हणाली. "आपल्या टेकडीवर रोज असते."

बापूंना ठसका लागला. टपरीवाल्याला काही कळलं नाही, तरी तोही हसायला लागला. "चाळीस गाड्या!" बापू डोळे पुसत म्हणत होते. "चाळीस गाड्यांनी मिळून घेरली, बिचारी!"

"थांबा, थांबा," मनी अजून मोबाईलमध्येच होती. "खाली पहिली कमेंट वाचते. 'अप्रतिम! यंदाचंच पिल्लू. पंचवीस वर्षांत इतका स्पष्ट अमूर पाहिला नाही.'"

नाव वाचायची गरज पडली नाही. डॉक्टरांना एकदम पेशंट आठवला. दवाखाना बंद करून त्यांना चार वर्षं झाली आहेत.