उरलेली बातमी फटीत

थंडीत माणूस आंघोळ टाळतो, तो पाण्याला घाबरून नाही. पाणी गरमच असतं. धसका असतो तो पहिला मग अंगावर घेण्याआधीच्या अर्ध्या मिनिटाचा, आणि नळ बंद केल्यानंतरच्या दीड मिनिटाचा. मधला सगळा वेळ तर स्वर्ग. या एकूण दोन मिनिटांपायी मी दर हिवाळ्यात घरच्यांकडून ‘पारोसा’ ही पदवी मिळवतो. यंदा ठरवलं, आपण बदलायचं नाही, बाथरूम बदलायची.

आधी वारा कुठून येतो ते शोधायचं होतं. त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे उदबत्ती. पेटवायची, एकेका फटीशी धरायची आणि धूर कुठे पळतो ते बघायचं. मी उदबत्ती घेऊन कमोडशेजारी उकिडवा बसलो होतो, तेवढ्यात अण्णा आत डोकावले.

“वास येतोय का रे?”

“नाही अण्णा, वारा बघतोय.”

अण्णांनी माझ्याकडे, मग उदबत्तीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि दार हलकेच ओढून घेतलं. बाहेर जाऊन त्यांनी हिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण ही बराच वेळ हसत होती.

धुराने मात्र चोख साक्ष दिली. खिडकी काचेच्या आडव्या पट्ट्यांची. तिसरी पट्टी कधीची फुटलेली, वरची एक तिरकी अडकलेली. तिथून आत शिरलेला वारा धूर घेऊन सरळ खाली उतरत होता आणि दाराखालच्या बोटभर फटीतून बाहेर पडत होता. म्हणजे गेली कित्येक वर्षं मी बाथरूममध्ये नाही, बोगद्यात आंघोळ करत होतो. तीसुद्धा ओल्या अंगाने, आणि खरी मेख तिथेच आहे. अंगावरच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्यात ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी तापवता आलं असतं. ही उष्णता बरीचशी आपल्याच कातडीतून जाते, आणि वारा असला की वसुली आणखी जोरात होते. हे मी हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग नीट पुसत जा ना अंग. पाठ नेहमी ओली असते तुमची.” विज्ञानाला इतकं थोडक्यात संपवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

फुटलेली पट्टी बदलायला माणूस ‘उद्या’ येणार होता. हा उद्या कसला असतो ते घर असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तोवर मी रद्दीतले पेपर काढले, घट्ट घड्या घातल्या आणि खिडकीच्या एकेका फटीत ठासून बसवले. कागदाच्या थरांमध्ये अडकलेली हवा थंडी बाहेरच अडवते, त्यामुळे उपाय वाटतो तितका गावठी नाही. दाराखाली जुन्या चादरीची वळकटी. पुन्हा उदबत्ती लावली. धूर शिस्तीत सरळ वर गेला. मला भरून आलं. (धुराने असेल.)

मग गिझर. आमचा विजेचा आहे म्हणून फटी बुजवायचं धाडस केलं, हे इथे स्पष्ट सांगितलेलं बरं. गॅसचा गिझर बाथरूममध्ये असेल तर फटी बुजवणं दूरच, तो तिथून हलवून मोकळ्या हवेत बसवायला हवा. बंद जागेत हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास, त्यामुळे कळेपर्यंत उशीर होतो. ही एवढी एक गोष्ट विनोदाची नाही.

गिझर उघडायला आलेल्या पोराने पाणी काढलं, चार बोल्ट सोडवले आणि आतून कॉइल बाहेर ओढली. मी म्हटलं, “हे काय आहे?” तो म्हणाला, “काका, हीच तुमची कॉइल.” मला ते समुद्राच्या तळातून काढलेलं काहीतरी वाटलं. पांढरा, खडबडीत, बोटाएवढा जाड थर, मध्येमध्ये फुगवटे. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं तशी खपली निघाली आणि आत जेमतेम पेन्सिलीएवढी नळी दिसली. जड पाण्यातले क्षार तापल्यावर पाण्यात राहायला तयार नसतात आणि सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवरच, जाऊन बसतात. मग कॉइलची उष्णता आधी त्या दगडाला, उरली तर पाण्याला. दुसरा एक रॉड त्याने दाखवला, तो जवळजवळ तारच उरला होता. “हा मॅग्नेशियमचा. हा स्वतः झिजतो म्हणून टाकी गंजत नाही. संपला, बदलावा लागेल.” स्वतः झिजायचं, दुसऱ्याला गंजू द्यायचं नाही आणि कोणाच्या लक्षातही यायचं नाही. मी ही उपमा घरातल्या कर्त्या माणसाला लावून दाखवणार होतो, पण ही शेजारीच कमरेवर हात ठेवून उभी होती आणि कर्तं माणूस कोण यावर आमचं एकमत नाही.

कॉइल स्वच्छ झाली तरी टाकी १५ लिटरचीच राहिली. मी हिशेब मांडला. टाकीतलं पाणी ६० अंश, नळाचं १५ अंश, दोन्ही मिसळून ४० अंशांचं केलं तर मिळतं साधारण २७ लिटर. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ते साडेतीन मिनिटांत संपतं. आमचे चिरंजीव शॉवरखाली उभे राहतात आणि त्यांचं एक गाणंच पाच मिनिटांचं असतं. पुढचं पाणी तापायला २००० वॅटच्या गिझरला साधारण २४ मिनिटं लागतात, म्हणजे चार माणसांचं वेळापत्रक रेल्वेसारखंच काढावं लागतं. मी ते काढलं, कागदावर लिहून दाराला चिकटवलं आणि ते रेल्वेसारखंच पाळलं गेलं. शॉवरच्या तोटीला मात्र मी चिकटपट्टी लावली. हिवाळाभर बादली. चिरंजीवांनी दोन दिवस अबोला धरला.

नळाची तऱ्हा आणखी वेगळी. गिझर स्वयंपाकघराच्या बाजूला, बाथरूम पॅसेजच्या टोकाला. मध्ये १० मीटर पाइप. १५ मिलिमीटर व्यासाच्या एवढ्या पाइपात पावणेदोन लिटर पाणी रात्रभर गारठत पडलेलं असतं आणि गरम नळ सोडला की आधी तेच येतं. मी मोठ्या उत्साहाने पाइपला फोमचं वेष्टण घातलं. सकाळी नळाखाली हात धरला, बर्फ. फोम उष्णता जायला उशीर लावतो, थांबवत नाही. रात्रभरात पाइप गार व्हायचा तो होतोच. फायदा होतो तो फक्त एकापाठोपाठ एक आंघोळीला जाणाऱ्यांना. पाणी गोठण्याइतकी थंडी पडते तिथली तर तऱ्हाच निराळी. बर्फ होताना पाणी जवळजवळ ९ टक्के फुगतं आणि पाइप फुटतो. तिथे वेष्टणाबरोबर रात्री नळाची बारीक धारही सोडून ठेवतात. आमच्याकडे फुटण्यासारखं फक्त डोकं होतं.

लादीचं काम लवकर आटपलं. लादी आणि पायपुसणं, दोन्हींवर थर्मामीटर ठेवून पाहिला. आधी अण्णांचा ताप मोजायचा ठेवला होता, पण तो ३५ च्या खाली उतरायलाच तयार होईना. मग चिरंजीवांच्या प्रयोगाच्या पेटीतला घेतला. दोन्हीकडे १६. तरीही लादीवर पाय ठेवला की जीव टाळूशी येतो, कारण लादी पायाची ऊब भराभर ओढून घेते आणि कापड घेत नाही. मोरीत लाकडी पाट ठेवला, दारात जाड पायपुसणं टाकलं, संपलं.

आठवडाभराने ही म्हणाली, “अहो, छताला काळे ठिपके कसले?” बुरशी. मी वारा अडवला होता, म्हणजे वाफही अडवली होती. ती थंड भिंतीवर बसून पाणी होत होती. आरसा दुपारपर्यंत आंधळा, टॉवेल दिवसभर दमट. म्हणून नवा नियम निघाला. आंघोळ चालू असताना सगळं बंद, संपली की वीस मिनिटं एक्झॉस्ट फॅन चालू आणि दार किलकिलं. दार बंद ठेवलं तर फटी बुजवलेल्या खोलीतून फॅन बिचारा ओढणार तरी काय?

इतकं झाल्यावर मात्र बाथरूम खरंच ऊबदार झाली. मी खुशीत होतो. फक्त एक कळेना. रोज सकाळी माझी पाळी येईपर्यंत कुठूनतरी बारीक गार झोत यायचाच. उदबत्ती लावली तेव्हा नव्हता. मी रोज थोडा नवा कागद ठासायचो, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लाकूड आकसतंय, खिडकी हलतेय, भिंतीला तडा गेलाय, अशा सगळ्या शंका घेऊन झाल्या. चिरंजीवांचा सूड असेल असंही वाटून गेलं.

उलगडा झाला तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत साबणात होतो. दारावर टकटक.

“अरे, झालं का?”

“पाच मिनिटं, अण्णा.”

“सावकाश होऊ दे. मला आत यायचं नाहीये. ती जमिनीच्या खटल्याची बातमी पान ७ वर आहे असं लिहिलंय. पान १, ३ आणि ५ मला मिळाली. ७ बहुतेक तुझ्या डोक्यावरच्या फटीत असेल. बघ जरा.”

मी वर पाहिलं. तिसऱ्या पट्टीच्या जागी आता निम्माच कागद उरला होता आणि त्या भोकातून वारा थेट माझ्या पाठीवर येत होता. ओल्या पाठीवर.

“अण्णा, तो पेपर मार्चमधला आहे.”

“असू दे. निकाल काय लागला ते कळायला नको?”

मी साबणाच्या हाताने घडी ओढून काढली. पान ७ च होतं, बातमीही होती. दाराखालची वळकटी पायाने सरकवली आणि पान फटीतून बाहेर सारलं. ते लगेच ओढून घेतलं गेलं. वळकटी पुन्हा जागेवर बसवायला वाकलो, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

“याच्या मागचं पान भिजलंय रे. वाचवत नाही.”