चाकं कापलीत तुम्ही

काल रात्री पावणेअकराला मी दात घासत होतो, तेवढ्यात फोनवर निरोप आला.

"साहेब, झोपला न्हाई ना? कॅडिलॅकची चाकं कापलीत तुम्ही."

बायकोने तो वाचला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी रात्री-बेरात्री गाड्यांचे सुटे भाग विकतो. खुलासा करतो. मी कुणाची चाकं कापलेली नाहीत. फोटोत ती आली नाहीत, एवढंच. आणि ती का आली नाहीत हे त्या माणसाला चांगलं माहीत आहे, कारण "थोडं वर घ्या, आईचा पदर कापतोय" असं ओरडणारा तोच होता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गाडीने उदयपूरला गेलो. पुण्याहून नऊशेच्या वर किलोमीटर. मधले एक्सप्रेसवेचे तुकडे सोडले तर वाकडला आमच्या घराजवळून जाणारा एनएच 48 तोच, मुंबई, सुरत, अहमदाबाद करत उदयपूरला पोचतो. बडोद्यात एक मुक्काम, शामळाजीच्या पुढे डोंगर, आणि लेकीचं दर वीस मिनिटांनी "अजून किती?" एवढ्यात प्रवास संपवतो. राजवाडा, तलाव, नावेतली फेरी हे सगळं त्या दोघींसाठी होतं. माझ्यासाठी एकच जागा होती: गुलाबबागेजवळचं जुन्या मोटारींचं संग्रहालय. मेवाडच्या महाराणांचं हे मूळचं मोटार गॅरेज. अर्धगोल इमारत, ओळीने दारं, अंगणात जुना पेट्रोलपंप. 2000 साली ते लोकांसाठी खुलं झालं. वीसेक गाड्या असतील. शेजारीच हॉटेल आहे, तिथे शाकाहारी थाळी मिळते. हा तपशील लक्षात ठेवा, कारण बायको आणि लेक पंधराव्या मिनिटाला तिकडे गेल्या.

मला गाड्यांचा शौक आहे. गाड्या नाहीत, नुसता शौक आहे. त्यामुळे मी एकटाच एका काळ्या रोल्स-रॉइससमोर हात मागे बांधून उभा होतो आणि नकळत मोठ्याने म्हणालो, "काय देखणी आहे!"

हे मी मराठीत बोललो, ही माझी चूक.

"एमएच बारा तुमची का?" मागून आवाज आला. "पार्किंगात बघितली. आमची पन्नास. कराड."

वळून पाहिलं तर पन्नाशीचे एक गृहस्थ. पांढरा शर्ट, खिशात पेन, त्याच खिशात चष्मा. त्यांच्यामागे ट्रॅव्हलर भरून आलेलं कुटुंब: भाऊ, भावजया, मेहुणे, सहा पोरं, आणि नऊवारीतल्या आजी. मोजून चौदा. परमुलखात मराठी माणूस भेटल्यावर जो आनंद व्हायला हवा तो मला झाला. तो साधारण चाळीस सेकंद टिकला.

"एक फोटो घेता का? पुण्याचा माणूस म्हंजे फोटो चांगलाच काढणार."

या वाक्यात टोमणा होता की स्तुती, हे मला अजून कळलेलं नाही.

एक फोटो म्हणजे एक फोटो, अशी माझी समजूत. त्यांच्याकडे पद्धत होती. आधी सगळे. मग सगळे, पण आजी मधे. मग जोड्या वयानुसार. मग फक्त पोरं. मग फक्त पोरी, कारण पोरांनी मघाशी जीभ काढली. शेवटी ते स्वतः, एकटे, कमरेवर हात, चेहरा असा की गाडी यांनीच महाराणांना उसनी दिली असावी. प्रत्येक फोटोला दोन अटी: गाडी पूर्ण आली पाहिजे आणि नंबर प्लेट वाचता आली पाहिजे. चौदा माणसं गाडीपुढे उभी केल्यावर नंबर प्लेट कुठून दिसणार? "पिंट्या, खाली बस. आता दिसतीया का?" नंबर प्लेटचं यांना काय करायचं होतं, देव जाणे.

तिसऱ्या गाडीला त्यांच्या फोनने मान टाकली. स्टोरेज फुल.

इथे त्या कुटुंबाची जी सभा भरली, ती मी जन्मात विसरणार नाही. एका बुइकच्या शेजारी उभं राहून काय डिलीट करायचं यावर चर्चा सुरू झाली.

"हे ऊसतोडीचं काढू का?"

"ते नगं. टोळीवाल्याचा हिशोब हाय त्यात."

"मग हे? मांडवाचं?"

"अहो, त्यात माझा भाऊ हाय."

"सगळ्यातच तुझा भाऊ हाय."

"शुभ सकाळची काढा की, तीनशे असतील."

"त्यात देवाचे फोटो हायेत, देव कसा डिलीट करायचा?"

आजी एवढा वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "पावण्याच्या फोनात जागा हाय का बघा."

तेरा माना माझ्याकडे वळल्या. मी खोटं बोलू शकलो असतो. माझा फोन नवा आहे, हप्ते चालू आहेत, आणि तो मी मूर्खासारखा हातातच धरला होता. त्यानंतरच्या सगळ्या गाड्या, सगळ्या जोड्या, सगळी पोरं माझ्या फोनात गेली. "तुमच्यात काढा, मग पाठवा सावकाश," असं म्हणून त्यांनी माझा नंबर घेतला. "सावकाश" म्हणजे त्या संध्याकाळी साडेसहा.

मी थोडा प्रतिकार केला, नाही असं नाही. फोटोच काढायचे तर निदान ज्ञान तरी वाटू, असा विचार केला. रोल्सच्या बॉनेटवरच्या बाईकडे बोट दाखवून आजींनी विचारलं, "ही कुठली देवी?" मी उत्साहाने सुरू केलं: देवी नाही आजी, 1911 साली चार्ल्स साइक्स नावाच्या शिल्पकाराने घडवलेली मूर्ती आहे, आणि गंमत म्हणजे त्या काळी कंपनी नुसती चासी आणि इंजिन द्यायची, वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचं, आणि या फँटम टूचं इंजिन जवळजवळ पावणेआठ लिटरचं—

"लिटरला किती जाती?" एका मेहुण्यांनी विचारलं.

"ते राहू द्या," गृहस्थ म्हणाले. "आधी देवीसंगट आईचा एक घ्या."

मग त्यांनी मला कचऱ्याची गोष्ट सांगितली. तीच ती: महाराजा साध्या कपड्यांत लंडनच्या शोरूममध्ये गेला, विक्रेत्याने हाकललं, महाराजाने सगळ्या रोल्स विकत घेतल्या आणि गावात कचरा उचलायला लावल्या. मी म्हणालो, ही गोष्ट कधी अलवरच्या नावाने सांगतात, कधी पटियाळ्याच्या, कधी भरतपूरच्या. महाराजे बदलतात, कचरा तोच असतो. बिघडलं. ते मला खोटारडा समजले नाहीत, पण देशद्रोहाच्या जवळपास काहीतरी समजले. "तुम्ही पुण्याचे ना," एवढंच म्हणाले.

खरं सांगायचं तर त्या जागेत माझं मन भरून यायला हवं होतं आणि येत नव्हतं. याला फक्त कराड जबाबदार नाही. माझ्या वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती. स्टिअरिंगखालचा गिअर, थंडीत ओढायचा चोक, घाटात तापली की झाकण उघडून पाणी. ती गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली. आधी फियाट, मग प्रेसिडेंट, मग 1974 पासून पद्मिनी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली, तेव्हा दोन दिवस सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि तिसऱ्या दिवशी विसरले. आमची तर भंगारवाल्याने त्याआधी कधीच नेली, वजनावर. महाराणांची गाडी वर्षभर शेडमध्ये राहिली तर वारसा होते, आमची सोसायटीत राहिली तर सेक्रेटरीची नोटीस येते. माणसाने कुठल्या घरात जन्म घ्यावा हे गाडीलाही कळायला हवं. हे सगळं मी कुणाला सांगणार? समोर सहा पोरं फोर्डसमोर 'चीज' म्हणत होती.

मग आली कॅडिलॅक. 1939 ची, उघडी, लांबलचक. 1961 साली इंग्लंडची राणी उदयपुरात आली तेव्हा याच गाडीतून फिरली, असं तिथे सांगतात. गृहस्थांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा पालटला. आजींना पुढे आणण्यात आलं. पदर सारखा झाला. "राणी बसली तिथं आई," ते म्हणाले, "आत न्हाई, निदान बाहेर तरी."

आजींचं लक्ष राणीकडे नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "त्या राजाचं पाय चालत नव्हतं म्हणं?" हो, म्हटलं, महाराणा भूपालसिंह. 1930 ते 1955 गादीवर होते, तरुणपणापासून पाय गेलेले, चाकाच्या खुर्चीत असायचे. आजींनी गाडीचं दार, पायरी, जमिनीपासूनची उंची, सगळं नीट न्याहाळलं. स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आमच्या ट्रॅव्हलरला असली पायरी पायजे," म्हणाल्या. "कराडपासनं हे दोघंजण मला पोत्यागत उचलत्यात." त्या दिवसभरात त्या संग्रहालयाचा उपयोग झालेली ती एकमेव व्यक्ती. मी धरून.

आणि याच वेळी मागून आज्ञा: थोडं वर घ्या, पदर कापतोय.

मी वर घेतलं. चाकं गेली. पदर आला.

तोवर बायको थाळी संपवून आली. गट्ट्याची भाजी कशी होती, हे तिने मला सविस्तर सांगितलं. मी नक्की काय पाहिलं, असं तिने विचारल्यावर मला प्रामाणिकपणे आठवेना. मी सगळ्या गाड्या सहा इंचांत पाहिल्या होत्या आणि प्रत्येकीसमोर पिंट्या होता.

रात्री हॉटेलवर बसून मी एकशे त्रेचाळीस फोटो पाठवले. गेले. अर्ध्या तासात उत्तर: "साहेब, असं न्हाई. डॉक्युमेंट करून पाठवा. असं पाठवलं की क्वालिटी जाती." मी ते परत पाठवले, डॉक्युमेंट करून, हॉटेलच्या वायफायवर, एकेक करत. रात्रीचा दीड वाजला. दुसऱ्या दिवशीपासून मला रोज सकाळी सहाला शुभ सकाळ येते. देवाचा फोटो असतो. तो डिलीट कसा करायचा?

तीन आठवडे मी गप्प होतो. काल मात्र तोंडातला फेस थुंकून मी उत्तर लिहायला घेतलं. चांगलं लांब, पुणेरी, प्रत्येक वाक्याला धार. "महोदय, आपण जर" इथपर्यंत आलो आणि दुसरा निरोप येऊन पडला. आता फोटोही होता. रोल्स-रॉइस, आजी, वर ती देवी. पुढच्या दिव्याच्या चकचकीत कवचावर त्यांनी बोटाने लाल गोल काढला होता. मी तो मोठा करून पाहिला. गोलाच्या आत, नखाएवढा, वाकडा, ढेरी पुढे आणि गुडघे दुमडलेला एक माणूस फोन धरून उभा होता. अख्ख्या सहलीत त्या संग्रहालयातला माझा हा एकमेव फोटो.

खाली लिहिलं होतं: "चाकांचं राहू द्या. ह्या दिव्यात कोणतरी मधीच आलंय. तेवढं काढता येतंय का बघा."